लग्न, घर आणि एकच बचत

लग्न आणि पहिले घर हे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबातले दोन सर्वांत मोठे खर्च. पूर्वी या दोहोंत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असे. लग्न आईवडील लावून देत, नवे जोडपे सासरच्या घरात किंवा नोकरीच्या क्वार्टरमध्ये संसार मांडी आणि स्वतःच्या घराचा विचार होई तो प्रॉव्हिडंट फंड हातात पडायच्या सुमारास. आता मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत नोकरी करणारी मुले-मुली तिशीच्या आगेमागे लग्नाला उभी राहतात आणि त्याच दोन-तीन वर्षांत फ्लॅटची चौकशीही सुरू करतात. ‘घर पहावे बांधून, लग्न पहावे करून’ ही म्हण दोन्ही कामे जड असल्याचे सांगते. ती एकाच वर्षी, एकाच पासबुकातून उरकावी लागतील, हे काही तिने धरलेले नाही.

चाळ ते फ्लॅट

मुंबईत जागेची टंचाई संसाराच्या आड येण्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, बांधलेल्या चाळींतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात आईवडील, धाकटी भावंडे, गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या आणि नवे जोडपे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे त्यानंतर परवडेनासे झाले, पागडी रुळली आणि नव्या माणसाला मालकीचा ब्लॉक घेण्यावाचून वाट उरली नाही. या ब्लॉकच्या खरेदी-विक्रीला शिस्त लावण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा करावा लागला.

राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचा विषय हाच: लग्न झाले, पण नवराबायकोला बोलायला कोपरा नाही. बासू चटर्जींनी त्यावरूनच ‘पिया का घर’ (१९७२) काढला. १९७७ च्या ‘घरौंदा’त प्रश्न एक पायरी पुढे गेलेला दिसतो. तिथले जोडपे लग्न अडवून आधी फ्लॅटसाठी पैसे साठवते आणि बिल्डर ते बुडवतो. योगायोग असा की त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदार माणसाला पगाराच्या जोरावर लांब मुदतीचे गृहकर्ज मिळण्याची सोय झाली. घर निवृत्तीकडून तरुणपणाकडे सरकले ते या कर्जामुळे. लग्नाशी त्याची गाठ पडली तीही इथेच.

बायोडाटातला फ्लॅट

ठरवून होणाऱ्या लग्नांत घर ही आता चौकशीची बाब राहिलेली नाही, अट झाली आहे. वधू-वर सूचक मंडळांच्या वहीत मुलाच्या नावापुढे पगाराइतक्याच ठळकपणे ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ असे लिहिले जाते. गावी शेती आणि वाडा असूनही शहरात घर नसलेल्या मुलाचे स्थळ मागे पडते. मुलीकडच्यांचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, कारण भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान हलवण्याची धास्ती शहरात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण या अटीचे दोन परिणाम होतात. मुलगा लग्नाआधी घाईने, एकट्याच्या पगारावर आणि बहुधा गावाबाहेरच्या टोकाला फ्लॅट घेतो. लग्नानंतर मात्र त्या फ्लॅटचा संसार दोन पगारांवर चालतो आणि कागदावर नाव एकाचेच राहते. (मुलीच्या वडिलांनी फ्लॅटला हातभार लावावा अशी मागणी लग्नाच्या बोलणीत आली, तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या नजरेत तो हुंडाच. त्याला ‘मदत’ म्हटल्याने फरक पडत नाही.)

स्वतः जुळवलेल्या लग्नांत क्रम दोघांना ठरवता येतो, आणि खरी ओढाताण इथेच सुरू होते.

हातातली रोकड

लग्न आणि घर एकमेकांच्या आड येतात ते एकूण खर्चामुळे नव्हे. घराचा बहुतेक पैसा बँक देते आणि तो वीस वर्षांत फिटतो. अडते ते सुरुवातीच्या रोख रकमेपाशी, आणि लग्न खाते ती नेमकी हीच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम बँकेला देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो खिशातून भरायचा असतो. पुण्यात बांधकाम सुरू असलेला ७० लाखांचा फ्लॅट घेतला असे समजू. बँकेचे कर्ज जास्तीत जास्त ५६ लाख, म्हणून स्वतःचे १४ लाख. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. बेरीज २२ लाख ७० हजार होते. त्यात अजून स्वयंपाकघराचा ओटासुद्धा आलेला नाही, पंखे, गिझर, पडदे आणि सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स तर दूरच. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घेतले तर जीएसटी लागत नाही. ४५ लाखांच्या आतल्या आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घरांवर तो १ टक्काच आहे. मुंबईत शुल्क ६ टक्के असले तरी तिथल्या किमती पाहता हा दिलासा फार काळ टिकत नाही.

आता लग्नाची बाजू. मंगल कार्यालय, केटरर, बस्ता, दागिने, फोटोवाला, डेकोरेशन यांतले बहुतेक पैसे लग्नाच्या आधी किंवा त्याच दिवशी मोजून द्यावे लागतात. बचत अपुरी पडली की पर्सनल लोन घेतले जाते, आणि घराच्या दृष्टीने याच्याइतका महागडा पर्याय दुसरा नाही. ५ लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२० रुपये येतो. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असे बँका पाहतात. साडेआठ टक्के दराने २० वर्षांच्या गृहकर्जावर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे ११,१२० रुपयांच्या हप्त्यात सुमारे १२ लाख ८० हजारांचे गृहकर्ज बसले असते. लग्नासाठी उचललेले पाच लाख घराच्या पात्रतेतून पावणेतेरा लाखांच्या आसपास कापून नेतात. हॉल बुक करताना हे गणित कोणी मांडत नाही. ते कळते बँकेच्या टेबलावर.

वर घेतलेल्या ५६ लाखांच्या कर्जाचा हप्ता याच दराने महिन्याला ४८,६०० च्या घरात जातो. दोघांच्या पगारावर तो सहज बसतो, म्हणून अनेक जोडपी पात्रतेच्या टोकापर्यंत कर्ज उचलतात. पण दोन-तीन वर्षांत मूल होते, एखादी नोकरी सुटते किंवा बदली होते. आईला कायद्याने मिळणारी भरपगारी रजा २६ आठवड्यांची, हप्ते २४० महिन्यांचे. हप्ता ठरवताना दीड पगार धरावा, दोन नव्हेत. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी रक्कम फेडण्यावर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, त्यामुळे पुढे पगार वाढल्यावर जास्तीचे पैसे भरून मुदत कमी करण्याची वाट मोकळी असते.

‘घर घेतले की टॅक्स वाचतो’ हे वाक्य अजून ऐकू येते, पण ते जुन्या करप्रणालीपुरते खरे आहे. तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत आणि मुदलावर इतर बचतींसह दीड लाखापर्यंत वजावट मिळते. दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील तर प्रत्येकाला वेगळी. नव्या प्रणालीत, जी आता आपोआप लागू होते, राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही.

यादीची वही

साखरपुड्याच्या आधी किंवा त्याच बैठकीत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ‘याद्या’ करायला बसतात. वही उघडली जाते, वर ‘श्री’ काढले जाते आणि एकेक बाब लिहिली जाते: कार्यालय कोणाकडे, सकाळचा नाश्ता कोणाचा, सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की त्याच दिवशी, मुलीचा शालू आणि मुलाचा सूट कोणी घ्यायचा, मानाच्या साड्या किती, आत्याचा मान, मामाचा आहेर, भटजींची दक्षिणा, बँड, वरातीची गाडी. खर्च एकट्या मुलीकडच्यांनी करायचा ही जुनी रीत शहरांत बरीचशी मोडली असून ‘निम्मा-निम्मा’ हा शब्द आता सर्रास वापरला जातो. मात्र निम्मे म्हणताना एकूण किती, हे पान बहुधा कोरेच असते. ज्या दोघांना पुढच्या वर्षी फ्लॅटचा हप्ता भरायचा आहे, ती दोघे या बैठकीत चहाचे कप फिरवत असतात.

अडचणीचे मूळही इथेच आहे. आईवडिलांनी लग्नासाठी म्हणून ठेवलेली एफडी लग्नावरच खर्च व्हावी, असे त्यांना मनापासून वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीत जेवलो, आता त्यांना बोलावायला हवे, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. म्हणून ‘लग्न साधे करू, पैसे घराला द्या’ ही मागणी मुलांना सरळ वाटते आणि आईवडिलांना ती लागते. मुलीच्या बाबतीत पेच आणखी तिढ्याचा. लग्नावर दहा लाख सहज खर्च करणारे वडील तेच दहा लाख तिच्या नावच्या घरात घालायला कचरतात. हे कचरणे सोडायला हवे, कारण मुलीच्या नावावर नोंदलेला घराचा हिस्सा कोणत्याही रुखवतापेक्षा तिच्या जास्त उपयोगाचा.

लग्नाच्या खर्चात खरे नियंत्रण एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे माणसांचा. ६०० रुपयांच्या ताटाला ५०० माणसे म्हणजे ३ लाख, अडीचशे म्हणजे दीड. कार्यालयाचा आकार, नाश्ता, पाहुण्यांच्या खोल्या, बस हे सगळे त्याच आकड्यामागे जाते. हळद पूर्वी घरच्या अंगणात, जुन्या साडीत लागे. आता तिला वेगळा हॉल, पिवळा पेहराव आणि डीजे लागतो. संगीत आणि प्री-वेडिंग शूट तर मराठी लग्नात अलीकडेच आले, तेही सिनेमांच्या वाटेने. ही कात्री लावायची सर्वांत सोपी जागा, कारण त्यात कोणाचा मान गुंतलेला नाही.

कमी खर्चाच्या लग्नाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय, साध्या पद्धतीने लग्ने लावली. नोंदणी विवाह हा आजचा सर्वांत स्वस्त मार्ग. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. काही जोडपी आधी नोंदणी विवाह करून घराचे कागद पुरे करतात आणि धार्मिक विधी वर्षभराने करतात. बँकेला विवाह प्रमाणपत्र मिळते, घरच्यांना मांडव मिळतो.

रोखीचे दोन नियम लग्नघरात फारसे माहीत नसतात. एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. म्हणून कार्यालयवाले आणि सराफ चेक मागतात. दुसरे असे की लग्नाच्या निमित्ताने वधू-वरांना मिळालेला आहेर करमुक्त असतो. ही सवलत वधू-वरांपुरती आहे, त्यांच्या आईवडिलांच्या हातात पडलेल्या पाकिटांना ती नाही. आहेराचे पैसे दोघांच्या खात्यात गेले तर ते घराच्या स्वहिश्श्याला सरळ वापरता येतात.

एकाच फंडाला दोन हात

प्रॉव्हिडंट फंडातून लग्नासाठी आणि घरासाठी पैसे काढण्याची वेगवेगळी सोय पूर्वीपासून आहे, त्यांच्या अटीही वेगळ्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या विश्वस्त मंडळाने या अटी सोप्या करायचा, किमान सेवेची मुदत १२ महिन्यांवर आणायचा आणि २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवायचा निर्णय घेतला. पैसे काढणे सोपे झाले तरी खाते एकच आहे. लग्नाला काढलेली रक्कम घराला परत मिळत नाही, म्हातारपणाला तर नाहीच. दोहोंपैकी एकासाठीच हात लावायचा असेल तर तो घरासाठी लावावा. निदान मालमत्ता उभी राहते.

क्रम कसा लावावा

आधी घर, मग लग्न हा क्रम निवडणाऱ्यांपुढे कायद्याची एक अडचण असते. साखरपुडा झाला तरी आयकर कायद्यासाठी होणारा नवरा किंवा होणारी बायको ‘नातेवाईक’ नसते. लग्नाच्या निमित्ताने दिलेली भेट सोडली, तर वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम एकाने दुसऱ्याला दिल्यास ती घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. बँकाही सहकर्जदार म्हणून सहसा जवळचे नातेवाईकच घेतात. म्हणून लग्नाआधी घर घ्यायचे तर दोघांनी आपापला हिस्सा आपापल्या खात्यातून, थेट बिल्डरला किंवा विकणाऱ्याला द्यावा आणि करारात दोघांची नावे घालावीत. सोय म्हणून एकाच्या खात्यात सगळे पैसे गोळा करणे पुढे महागात पडते.

आधी लग्न, मग भाड्याचे घर, मग दोन-तीन वर्षांनी खरेदी हा मार्ग तरुणांना रुचत नाही, पण हिशेबात तो बहुधा सर्वांत सुरक्षित ठरतो. कोणाची नोकरी कुठे स्थिरावते, डोंबिवली परवडते की पनवेल, लोकलचा प्रवास झेपतो का, हे संसार सुरू झाल्यावरच कळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा करार असला तरी नोंदणी चुकत नाही.

दोन्ही एकदम करायचे तर बांधकाम सुरू असलेले घर टाळावे. कारण ताबा मिळेपर्यंत चालू घराचे भाडे आणि नव्या घराच्या कर्जाचे व्याज दोन्ही भरावे लागते. लग्नाची तारीख ताब्याच्या तारखेला बांधणारे तर हमखास अडकतात. १ मे २०१७ पासून काम करणाऱ्या महारेरामुळे निदान काही आधार आहे: नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि ताबा लांबला तर व्याज द्यावे लागते. ‘घरौंदा’तल्या जोडप्याकडे हे नव्हते.

म्हाडाच्या सोडतीत क्रमाला वेगळेच वजन येते. तिथे उत्पन्नगट ठरवताना पती-पत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र धरतात, अविवाहित अर्जदाराचे फक्त त्याचे किंवा तिचे. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत वर्षाला ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च उत्पन्नगट आहे. साडेसात लाख कमावणारी दोन माणसे लग्नाआधी अल्प गटात बसतात, लग्नानंतर थेट उच्च गटात जातात. शिवाय अर्जदार किंवा जोडीदार यांपैकी एकाचेही सोडत काढणाऱ्या म्हाडा मंडळाच्या क्षेत्रात घर असेल तर अर्ज करता येत नाही.

पंचांगही क्रमात हात घालते. आषाढी ते कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. मोजक्या तिथींवर झुंबड उडते आणि कार्यालयांचे दर वाढतात. काही पंचांगकर्ते चातुर्मासातही काढीव मुहूर्त देतात. ते मान्य असतील तर तेच कार्यालय बरेच स्वस्तात पडते. घरांच्या बाजूला बुकिंगची गर्दी गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी होते, तर पितृपक्षात विक्री कार्यालये ओस पडतात. भाव पाडून घ्यायला हाच पंधरवडा उत्तम, करार दसऱ्याला करता येतो. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मालमत्ता मूल्यांचे, नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात आणि मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनर यांपैकी जे जास्त त्यावर लागते. म्हणून मार्चअखेरीला नोंदणी कार्यालयात रांग असते.

नाव कोणाचे

घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ती ७० हजारांची. पंधरा वर्षे पुरुषाला न विकण्याची मूळ अट २०२३ मध्ये काढून टाकली गेली. सहमालक म्हणून नवऱ्याचे नाव घातले की सवलत जाते.

लग्नाआधी करार केलेल्या मुलीचे पुढे नाव बदलले, तर तिढा कागदांचा होतो. मराठी रीतीत आडनावाबरोबर मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी नवऱ्याचे येते. मग करार एका नावाने, पॅन दुसऱ्या, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट तिसऱ्या. नाव बदलण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. बदलायचेच असेल तर राजपत्रातली घोषणा आणि विवाह प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते.

लग्नाआधी एकाच्या नावावर घेतलेल्या घरात जोडीदाराला नंतर हिस्सा देता येतो. पती-पत्नींमधल्या निवासी घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शहरी अधिभार लागू असेल तर वेगळा. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. हिस्से लिहिलेच नाहीत, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा धरला जातो, आणि ते सिद्ध करता आले नाही तर दोघांचा समान मानला जातो. म्हणून हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, याची बँक स्टेटमेंट ठेवणे अविश्वासाचे लक्षण नाही.

गोव्यात चित्र निराळे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार नोंदवलेला नसेल तर दोघांची मालमत्ता समाईक होते, मग ती लग्नाआधीची असो वा नंतरची, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. महाराष्ट्रात लग्नाने घराची मालकी बदलत नाही. ती नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू या उताऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याचीच राहते.